न दुखलेला पाय

चिचटोल्याची दिव्यानी ठेंगरी शाळेत असल्यापासून धावायची. कुरखेड्याच्या हायस्कुलात असताना ती तालुक्यात पहिली आली, मग गडचिरोलीला जिल्ह्याच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत तिसरी. तिचं धावणं बघत राहावं असं होतं. खांदे हलायचे नाहीत, मान सरळ, आणि चेहऱ्यावर असा भाव की जणू कुणी तिच्याशी बोलतंय आणि ती ऐकतेय. घरी धानाची शेती. वडील गोपालभाऊ कमी बोलणारे. आई रंभाबाई मात्र घर, शेत आणि नवरा तिन्ही सांभाळणारी. लेकीनं बी.ए.ला नाव टाकलं होतं, पण तिचा जीव गावाजवळच्या नहराच्या, म्हणजे कालव्याच्या पाळीवर होता. सकाळ झाली की ती पाळीवरून एकटीच निघायची.

मग वनरक्षकांची भरती निघाली. जाहिरात आली त्याच दिवशी रिना उंदिरवाडे तिच्या दारात येऊन उभी राहिली. रिना तिच्याहून दोन वर्गांनी मोठी, बौद्धवाड्यातली, तोंडानं फटकळ पण मनात काही न ठेवणारी. आदल्या साली पोलीस भरतीत ती थोडक्यात राहिली होती.

"एकटी धावून कितीक धावशीन?" रिना म्हणाली. "मी बी मागच्या बारीला एकटीच सराव करून गेली होती. मैदानावर बाजूनं कोणी पुढं गेलं की माझं ध्यानच उडे. तू, मी आन ललिता, तिघी मिळून धावू. रस्त्यानं पोट्टे मोटारसायकल घेऊन मांगं लागतात, ते बी तिघींच्या मांगं लागणार नाई."

ललिता मडावी गावाच्या टोकाला राहायची, जिथून पुढं जंगल सुरू होतं. तिचा बाप पोचूभाऊ वनखात्याच्या रोपवाटिकेत मजुरीला जायचा. ललिताला दम होता, वेग नव्हता. कुठवरही धावली असती, पण आपल्याच चालीनं.

तिघींचं ठरलं. गावापासून रोपवाटिकेपर्यंत जायचं, तिथल्या पुलाजवळ थांबायचं, मागची आली की सोबत परतायचं. मोहफुलं गळायच्या दिवसांत ती खायला त्या रस्त्याला अस्वल उतरायचं, म्हणून कुणालाही मागं एकटं टाकायचं नाही, हा रिनाचा नियम.

सुरुवातीचे दिवस छान गेले. रिनानं दिव्यानीला बऱ्याच गोष्टी शिकवल्या. चढावर पाऊल लहान टाकायचं, श्वास तोंडानं नाही तर पोटातून घ्यायचा, पहिल्याच दमात सगळा जोर संपवायचा नाही. ललिता रोज पाण्याची बाटली आणायची आणि पुलाजवळ पोचली की आधी या दोघींना द्यायची. परतताना तिघी गात यायच्या. दिव्यानीला हे आवडत नव्हतं असं नाही. पण पुलावर उभं राहून ललिताची वाट बघताना तिचे पाय थंड पडायचे, अंगातला घाम वाळायचा, आणि ती मनात म्हणायची, मी आत्तापर्यंत कुठल्या कुठं पोचले असते.

एक दिवस परतताना तिला राहवलं नाही. ती सुटलीच. गाव येईपर्यंत मागं बघितलं नाही. रिना आली ती धापा टाकत.

"असं नको करू वं. ललिता घाबरली तिकडं. हळू घे जरा."

"भरतीत बी हळूच धावायचं काय?" दिव्यानीच्या ओठांवर आलं होतं. पण ती म्हणाली, "चुकलं माझं." आणि पुन्हा हळू धावू लागली.

एवढंच बोलायचं होतं, की मला एकटीला धावू द्या. रिनासमोर ते तिच्या तोंडून निघेना. जिनं इतक्या मायेनं शिकवलं होतं, तिला तू मला मागं ओढतेस असं कसं म्हणायचं? आणि ललिताला तर त्याहून कठीण. काहीतरी आपोआप घडावं आणि सुटका व्हावी, असं तिला वाटू लागलं.

तसं घडलंही. एका सकाळी रस्त्यावरच्या खडी-गिट्टीवरून तिचा डावा पाय घसरला. फार काही नव्हतं, नुसता मुरगळला. पण ती रस्त्यावर बसली आणि त्या दोघींनी तिला खांदा देऊन घरी आणलं.

"चार-आठ दिवस आराम कर," रिना म्हणाली. "पाय गेला तं भरती गेली."

दोन दिवसांत पाय ठीक झाला. तिसऱ्या दिवशी दुपार उतरल्यावर दिव्यानी शेताकडं म्हणून गेली आणि तलावापलीकडच्या बैलगाडीच्या वाटेनं धावून बघितलं. दुखलं नाही. ती पुढं गेली, अजून पुढं गेली. कुणाची वाट बघायची नव्हती. सागाच्या वाळल्या पानांवर तिच्याच पावलांचा आवाज होता. परत आली तेव्हा ती इतकी खूश होती की तलावाच्या पाळीवर बसून एकटीच हसली.

दुसऱ्या सकाळी रिनानं दारातून विचारलं, "कसा हाय पाय?"

"दुखून राह्यला," दिव्यानी म्हणाली. विचार करून म्हणाली नाही. तोंडातून निघून गेलं.

त्या दिवसापासून तिचं दोन ठिकाणी जगणं सुरू झालं. दुपारी तलावापलीकडं ती हरणासारखी धावायची आणि सकाळी अंगणात लंगडायची. कारण रिना आणि ललिता रोज धावून झाल्यावर, घामानं भिजलेल्या, आधी तिच्या घरी यायच्या. ललिता येताना निरगुडीचा पाला आणायची. पोचूभाऊ कामावरून परतताना जंगलात आत जाऊन तो तोडायचा. ललिता चुलीवर तवा ठेवून पाला गरम करायची, तेल लावायची आणि दिव्यानीचा पाय मांडीवर घेऊन फडक्यानं बांधायची. बांधताना विचारायची, "कचकन दुखते का ठणकते?" दिव्यानी कधी म्हणायची कचकन, कधी म्हणायची ठणकते.

पहिल्यांदा तिला भीती वाटली, पकडलं जाण्याची. मग लाज वाटू लागली. ललिताचे हात कामानं खरबरीत झालेले होते आणि ती फार हळू बांधायची. दिव्यानी भिंतीकडं बघत बसायची. उद्या सांगू, पाय बरा झाला आणि आता मी एकटीच धावते, असं ती रोज ठरवायची. पण दुपारचं धावणं सुधारत होतं. आज सांगितलं तर पुन्हा पुलावर उभं राहणं आलं. दिवस पुढं जात राहिले.

एकदा तर ती चुकलीच. सकाळी घाईत अंगणात आली आणि उजव्या पायानं लंगडली. रिना बाहेर तोंड धूत होती, ललिता पाटावर बसली होती. तिनं दिव्यानीचा डावा पाय धरायला हात पुढं केला, तर दिव्यानीनं उजवा पुढं केलेला.

"काल डावा होता ना?" ललिता म्हणाली.

दिव्यानीच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिनं पाय मागंही घेतला नाही. ललितानं दोन्ही पायांकडं बघितलं. मग म्हणाली, "माझीच गफलत झाली असन." आणि तिनं उजव्या पायाला पाला बांधला, रोज बांधायची तसाच, गाठ नीट बाजूला घेऊन.

त्या दोघी गेल्यावर रंभाबाई ओसरीवर तांदूळ निवडत होती. वर न बघता ती म्हणाली, "त्या पोरीच्या बापाले पाला तोडाले आत जा लागते. आता मोह गळून राह्यला, अस्वल असते तिकडं. तुले माहीत हाय ना?"

"माहीत हाय," दिव्यानी म्हणाली.

आईला सगळं कळलं होतं. लेकीचे बूट रोज धुळीनं भरलेले तिला दिसत होते. पण तिलाही नोकरी हवी होती, म्हणून तिनं त्यापुढं एक शब्द काढला नाही. मायलेकींनी जेवताना एकमेकींकडं बघणं टाळलं.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. दिव्यानी तलावापलीकडच्या वाटेनं जोरात येत होती. वळणावर झाडीतून एक माणूस निघाला. पोचूभाऊ. खांद्यावर कुऱ्हाड, हातात निरगुडीच्या डहाळ्यांची जुडी. ती थांबली. पळून जायला जागा नव्हती, लंगडायला वेळ नव्हता.

पोचूभाऊनं तिच्या पायांकडं बघितलं, मग तोंडाकडं. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"बेस धावतेस बाई," तो म्हणाला.

"भाऊ, मी आजच जरा... पाहून राह्यली होती, दुखते का म्हणून."

"हो," तो म्हणाला. मग हातातल्या जुडीकडं बघून त्याला काय करावं सुचेना. "आता तोडलाच हाय तं घेऊन जा," म्हणून त्यानं ती तिच्या हातात दिली आणि गावाकडं चालू लागला.

दिव्यानी ती जुडी घेऊन वाटेत उभी राहिली. टाकून देणं तिला जमलं नाही. घरी नेणंही जमलं नाही. शेवटी तलावाच्या पाळीवर एका दगडाखाली ठेवून ती घरी आली.

दुसऱ्या सकाळी कुणी आलं नाही. दिव्यानी अंगणात बसून राहिली, ऊन पायरीवर चढेपर्यंत. दुपारी रिना आली, एकटीच. खाटेवर बसली नाही.

"सांगितलं असतंस तं आम्ही काय धरून ठेवलं असतं तुले?" ती म्हणाली.

दिव्यानीनं दोन्ही पाय आत ओढून घेतले.

"तू आमच्याहून जोरात धावतेस, हे आम्हाले नाई दिसत काय? मीच सांगणार होती, आखरीच्या महिन्यात तू एकटी धाव म्हणून. पण तुले सांगायचंच नव्हतं. आजारी पडून बसली."

"रिना, माझं चुकलं."

"मले नको सांगू. ललिताले तं ज्या दिवशी पाय बदलला त्याच दिवशी समजलं होतं. मले बोलली बी नाई. काल तिचा बाप बोलला तवा रडली आन सांगितलं. म्हणे, मले वाटलं ती आपल्या मनानं सांगन. म्हणून रोज येऊन बांधत राह्यली ती. समजलं काय तुले? समजून बी बांधत राह्यली."

रिना गेली. दिव्यानी त्या दिवशी धावायला गेली नाही. दुसऱ्या दिवशी गेली, कारण भरती जवळ आली होती. आता लपायचं काही नव्हतं. तरी ती तलावापलीकडंच गेली. रोपवाटिकेच्या रस्त्यावर त्या दोघी असणार होत्या. धावताना पहिल्यासारखं सुख काही वाटलं नाही. मधेच ती थांबायची, उगाच झाडाला टेकून उभी राहायची. चल म्हणणारं कुणी नव्हतं.

ललिताच्या घरी जावं असं तिला अनेकदा वाटलं. एकदा ती त्यांच्या कुंपणापर्यंत गेलीही. आत पोचूभाऊ मोहफुलं वाळत घालत होता. त्याची पाठ बघून ती परत फिरली.

भरतीच्या धावण्याच्या चाचणीच्या दिवशी तिघी एकाच एसटीनं गडचिरोलीला गेल्या. रिना आणि ललिता पुढं, दिव्यानी मागं. मैदानावर गर्दी होती. जिल्हाभरातून पोरी आल्या होत्या, धानोऱ्याच्या, एटापल्लीच्या, पार सिरोंच्याकडच्या तेलुगू बोलणाऱ्या. दिव्यानीची तुकडी रिनाच्या आधी सुटली. पहिल्याच वळणाला चारही बाजूंनी पोरींचे कोपर लागू लागले आणि तिचा श्वास बिघडला. इतक्या दिवसांत तिच्या बाजूनं कुणी धावलंच नव्हतं. ती घाबरून जोरात सुटली आणि अर्ध्यातच तिच्या पोटात कळ आली.

तेवढ्यात दोरीच्या पलीकडून आवाज आला. "दिव्या, खांदे सोड! पोटातून श्वास घे! जाऊ दे त्यांना, आखरीले धर!"

रिना होती. तिची तुकडी सुटायला वेळ होता आणि ती दोरीला धरून ओरडत होती. दिव्यानीनं खांदे सोडले. चाल कमी केली. शेवटच्या फेरीत एकेकीला मागं टाकत ती पुढच्या चारपाच जणींत आली. संपल्यावर ती रिनाला शोधायला दोरीकडं गेली, तर रिना आपल्या तुकडीत जाऊन उभी राहिली होती.

निकाल लागला. चिचटोल्यातून एकटी दिव्यानी निवडली गेली. रिना लेखी परीक्षेच्या गुणांत थोडक्यात राहिली, ललिता धावण्याच्या गुणांत.

गावात आनंद झाला. वनखात्यात लागलेली गावातली ती पहिलीच मुलगी. ग्रामपंचायतीसमोर मंडप टाकला, शाल आणि श्रीफळ आणलं. सरपंचांनी माईक घेतला आणि भाषण केलं. ते म्हणाले, "या पोरीचा ऐन सरावात पाय मोडायची पाळी आली होती. महिनाभर लंगडत होती. आपण सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. पण जिद्द पाहा! दुखरा पाय घेऊन तिनं एकटीनं सराव केला आन निवडून आली!"

टाळ्या वाजल्या. दिव्यानीनं समोर बघितलं. बायकांच्या बाजूला, तिसऱ्या रांगेत, रिना आणि ललिता बसल्या होत्या. ललिता टाळ्या वाजवत होती. रिनाचे हात मांडीवर होते.

माईक दिव्यानीच्या हातात आला. सांगायची हीच जागा होती. समोर सगळं गाव होतं. तिनं तोंड उघडलं. आई पदराचं टोक दातात धरून बघत होती. वडील आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या खुर्चीवर बसले होते.

"सगळ्यांचे आभार," ती म्हणाली आणि माईक देऊन टाकला.

त्या शालीला तिनं पुन्हा हात लावला नाही. रंभाबाईनं ती पेटीत ठेवली.

नोकरीत तिला धानोऱ्याकडचं जंगल मिळालं. काम तिला आवडलं. चालणं पुष्कळ, माणसं कमी. तेंदूची पानं तोडायच्या हंगामात लोकांशी बोलायला ती थोडी गोंडी शिकली. लोक म्हणायचे, मॅडम साध्या आहेत. पण सोबतच्या गार्डनं एकदा आदरानं विचारलं, "मॅडम, तुम्ही पाय मोडलेला असताना धावल्या होत्या म्हणे?" इथवर ती गोष्ट पोचली होती, आणि येता येता पाय मोडलाही होता. दिव्यानी नाही म्हणाली. त्यानं मान डोलावली आणि पुढं दुसऱ्याला तेच सांगितलं.

गावी ती क्वचित यायची. आली तरी घरातच बसायची. वर्षं गेली. रिनानं पोलीस भरतीचा नाद सोडला नव्हता. सोबत ती गावातल्या शाळकरी पोरींना धावायला नेऊ लागली होती. ललिता तिच्याबरोबर असायची. हे सगळं आईकडून कळायचं.

मग एका प्रजासत्ताक दिनाला गावच्या शाळेनं दिव्यानीला पाहुणी म्हणून बोलावलं. नाही म्हणणं बरं दिसलं नसतं. झेंडावंदन झालं, पोरं मैदानात बसली आणि गुरुजींनी ओळख करून दिली. पुन्हा तेच. दुखरा पाय, जिद्द, एकटीनं केलेली मेहनत. दिव्यानीच्या अंगावर गणवेश होता. तिला तो कुणा दुसऱ्याचा वाटू लागला.

ती उभी राहिली आणि या वेळी तिनं सांगितलं. माईकमधून, स्पष्ट.

"माझा पाय दुखत नव्हता. मी खोटं बोलली होती. मैत्रिणींना सोडून एकटीनं धावता यावं म्हणून मी दुखतो म्हणून सांगत होती. मले धावायचं शिकवलं ते रिनानं. आन ललितानं माझ्या चांगल्या पायाची सेवा केली."

पोरांनी गुरुजींकडं बघितलं. मग गुरुजी हसले. "पाहिलं का मुलांनो," ते म्हणाले, "मोठी माणसं किती नम्र असतात! आपलं श्रेय दुसऱ्याला देतात!" आणि त्यांनी टाळ्या वाजवायला सांगितलं. सगळी शाळा टाळ्या वाजवू लागली. दिव्यानी नाही नाही म्हणत राहिली. तिचा हात हलताना बघून पोरं अजून जोरात वाजवू लागली. रिना आणि ललिता त्या गर्दीत नव्हत्या. तिला वाटलं, जमीन दुभंगावी.

कार्यक्रम संपला, बुंदी वाटून झाली. ती फाटकातून निघाली तेव्हा कडुनिंबाखाली पोचूभाऊ उभा होता. केस पिकले होते. तो टाळ्या वाजवत नव्हता, हे तिनं मघाशीच बघितलं होतं.

"भाऊ," ती म्हणाली आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"आयकलं मी," तो म्हणाला. "त्याईले नाई समजलं. जाऊ दे." मग म्हणाला, "ललिता घरी हाय. धान पाखडून राह्यली. आली हायेस तं भेटून जा."

ती त्याच्या मागून चालू लागली. कुंपणाचं फाटक त्यानं उघडलं. ललिता अंगणात सूप घेऊन बसली होती. दिव्यानीला बघताच ती उठली, पदरानं तोंड पुसलं, आतून खुर्ची आणून ठेवली.

"या ना मॅडम. बसा," ललिता म्हणाली.

दिव्यानी खुर्चीवर बसली नाही. जमिनीवर बसली, सुपाजवळ. "ललिता, मी आज शाळेत सांगितलं. सगळं सांगितलं."

"बरं झालं," ललिता म्हणाली. "पाणी घेता काय तुमी?"

तुमी. एका पाटावर बसून एकमेकींच्या पायातले काटे काढलेल्या पोरी होत्या त्या. दिव्यानीनं पाणी घेतलं. तिला म्हणायचं होतं, मला तू म्हण. ते म्हणायचा आपला हक्क आहे असं तिला वाटेना. ती सुपातले खडे निवडू लागली. ललितानं तिला थांबवलं नाही. धान, पाऊस, रंभाबाईचे गुडघे, असं बोलणं झालं.

निघताना ललिता म्हणाली, "उद्या सकाळी रिना पोरींना घेऊन जाते रोपवाटिकेपर्यंत. मी बी असते. तुमाले यायचं असन तं या."

"रिना काय म्हणन?"

"काय म्हणन? ओरडन. तिले तेच येते."

दुसऱ्या सकाळी थंडी होती. दिव्यानी जुने बूट घालून रस्त्यावर गेली. रिनानं तिच्याकडं बघितलं आणि नुसतं "मांगं राहा" म्हणाली. पोरी निघाल्या, त्यांच्या पुढं रिना. सगळ्यात मागं ललिता तिच्या त्याच चालीनं, आणि तिच्या बाजूला दिव्यानी. पुढं सुटावं असं पायांना वाटत होतं. तिनं त्यांना आवरलं.

"तुमी जा ना पुढं," ललिता म्हणाली. "माझ्यासाठी नका थांबू."

"थांबली नाई मी," दिव्यानी म्हणाली. "हीच चाल बरी हाय."

दोघींच्या तोंडातून वाफ निघत होती. पुढच्या वळणावर एक लहान पोरगी बुटाची नाडी बांधायला बसली होती. त्या दोघी तिच्याजवळ थांबल्या, तिची नाडी बांधून होईपर्यंत.